डबीत काय आहे, ते कोण सांगणार?

बंगळुरूच्या जयनगरात, मारतहळ्ळीत किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या पीजींच्या गल्ल्यांत मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी वरचेवर ऐकू येते: ‘चेहरा काळवंडलाय, काहीतरी चांगलं द्या.’ मागणी कन्नडमध्ये असो, हिंदीत असो की लातूर-सोलापूरकडून नोकरीसाठी आलेल्या एखाद्या मुलीच्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, काउंटरपलीकडून अनेकदा एक छोटी ट्यूब पुढे सरकते. पंधरा-वीस ग्रॅमची. किंमत परवडणारी. चिठ्ठी कुणी मागत नाही आणि पैसे देणाऱ्यालाही ती मागितली जावी असं वाटत नाही.

ही ट्यूब जरा जवळ धरून पाहावी. एका कडेला लाल उभी रेघ आहे, ‘आरएक्स’ ही खूण आहे आणि चौकटीत इशारा आहे की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध किरकोळ विक्रीत देऊ नये. त्याखाली, भिंग घेऊन वाचावीत अशा अक्षरांत तीन नावं: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्का. पहिलं द्रव्य त्वचेत रंग तयार होण्याची प्रक्रिया मंदावतं. दुसरं अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे, ते वरचा थर लवकर सोलून काढतं. तिसरं स्टेरॉइड आहे, आणि चांगल्यापैकी ताकदीचं. म्हणजे ‘चेहऱ्याचं क्रीम’ म्हणून घरी आलेली ही वस्तू क्रीम नाहीच. ते औषध आहे, तेही एका ठरावीक आजारावरचं.

तो आजार म्हणजे वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटणारे तपकिरी चट्टे. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी १९७५ साली अशाच तीन द्रव्यांचं मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनोइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. वांगावर ते चालतं हे खरं, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ त्याचे बदललेले प्रकार लिहून देतात. पण ते चट्ट्यांपुरतं, मोजक्या आठवड्यांपुरतं आणि डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं असतं. संपूर्ण चेहऱ्याला, रोज रात्री, वर्षानुवर्षं लावण्यासाठी ते कुणीच बनवलेलं नव्हतं.

त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांतल्या घटकांची चर्चा इथून सुरू करायला हवी. ‘केमिकल वाईट, नैसर्गिक चांगलं’ एवढ्यावर हा विषय मिटत नाही. कायद्यात कॉस्मेटिक आणि औषध अशी दोन दालनं आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ती वेगळी केली आणि आता सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. कॉस्मेटिक कुणीही विकत घेऊन लावू शकतो, म्हणून त्यात काय घालायचं यावर मर्यादा. औषधात तीव्र द्रव्य चालतं, म्हणून ते कुणाच्या हाती जायचं यावर मर्यादा. गोरेपणाच्या बाजारात या दोन्ही मर्यादा एकदम ढिल्या पडतात. औषध कॉस्मेटिकसारखं विकलं जातं आणि कॉस्मेटिकच्या डबीत कुठल्याच दालनात न बसणारं विष भरलं जातं. माणसांना झालेल्या इजांची नोंद पाहिली तर त्यातल्या फार मोठ्या भागामागे या दोन वाटा दिसतात, आणि दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे: डबीत काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी कुणाची?

आधी स्टेरॉइडची वाट. स्टेरॉइडचं मलम चेहऱ्यावर लावलं की पहिल्या काही दिवसांत सगळं छान दिसतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, पुरळ दबतं, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मंदावतात. आरशात चेहरा उजळ आणि नितळ. शेजारीण विचारते, ‘काय लावतेस गं?’ आणि ट्यूबचं नाव पुढच्या घरात जातं. काही महिन्यांनी त्वचा पातळ होऊ लागते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम फुटतात, गालांवर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. मग लावणं थांबवावं, तर चेहरा आणखी लाल होतो, सुजतो, खाजतो. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो, त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि सुटका आणखी लांबते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हे चित्र इतक्या वेळा दिसलं की त्यांनी त्याला नावच दिलं, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा.

हे किती पसरलं आहे, याचा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासातून येतो. देशातल्या बारा केंद्रांवर त्वचाविकारासाठी आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यातल्या १२६ जणांनी ते गोरेपणासाठी, रोजचं क्रीम म्हणून किंवा दाढीनंतरचं लोशन म्हणून वापरलं होतं. औषध म्हणून नव्हे, प्रसाधन म्हणून. दाढीनंतर लावणाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण हा प्रश्न फक्त मुलींचा मानला जातो आणि केशकर्तनालयाच्या खुर्चीत बसलेला तरुण त्यातून निसटतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लावून धरल्यावर केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढली आणि त्वचेवर लावायच्या चौदा स्टेरॉइडना असलेली सूट रद्द करून ती चिठ्ठीवरच विकण्याचं बंधन घातलं. कागदावर दार बंद झालं. काउंटरवर ते किती बंद आहे, हे कुठल्याही शहरातल्या चार मेडिकलमध्ये चौकशी केली की समजतं.

बंगळुरूत या ट्यूबला एक जास्तीची धार आहे, आणि ती इथल्या हवेची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. वारा गार, घाम कमी, त्यामुळे ऊन लागतंय असं वाटतच नाही. पण उंची आणि विषुववृत्ताची जवळीक यांमुळे अतिनील किरणं भरपूर पोचतात. उन्हाळ्यात दुपारी युव्ही निर्देशांक दहाच्या वर जातो. मुंबईच्या उन्हात माणूस आपसूक सावली शोधतो, बंगळुरूच्या उन्हात तो दुचाकीवर सिग्नलला निवांत उभा राहतो. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन या किरणांना अडवतं. ते कमी करणारं द्रव्य लावून, वरचा थर सोलून, आणि त्यावर सनस्क्रीन न लावता बाहेर पडलं की त्वचा स्वतःच्या बचावासाठी आणखी रंग तयार करते. ज्या काळेपणासाठी ट्यूब आणली, तोच दुपटीने परत येतो आणि दोष मात्र ‘ट्यूब कमी लावली’ याला दिला जातो.

दुसरी वाट पाऱ्याची. इथे लाल रेघ नाही, इशारा नाही, बऱ्याचदा लेबलच नाही.

जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याची एक घटना महाराष्ट्रभर वाचली गेली. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या, विशीतल्या एका मुलीने ओळखीच्या ब्युटिशियनकडून गोरेपणाचं क्रीम घेतलं. चेहरा उजळला, लोकांनी कौतुक केलं, म्हणून आई आणि मोठी बहीणही तेच लावू लागल्या. मग तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्यांना दाह होतो, तो ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. एकाच घरातल्या तिघींना एकाच सुमाराला हा आजार का व्हावा, याचा शोध घेताना डॉक्टरांचं लक्ष त्या क्रीमकडे गेलं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं गेलं. त्यात पारा निघाला.

पारा कसा काम करतो हे समजलं की तो इतकी वर्षं का टिकून आहे तेही समजतं. मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर लागतं आणि त्याच्या गाभ्यात तांबं असतं. पाऱ्याचे क्षार हे विकर निकामी करतात. रंग बनणं थांबतं, चेहरा झपाट्याने फिकट होतो. क्रीम बनवणाऱ्याला स्वस्तात ‘रिझल्ट’ मिळतो. पण त्वचेतून शिरलेला पारा रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथल्या चाळण्या गळू लागतात, प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. चेहऱ्यावरच्या क्रीमचा आणि पायाच्या सुजेचा संबंध कुणाला सुचणार? रुग्ण क्रीमबद्दल बोलत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरही विचारत नाहीत.

ज्यांनी विचारलं, त्यांना उत्तर मिळालं. बंगळुरूहून रात्रभराच्या बसप्रवासावर, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथे डॉ. सजीश शिवदास आणि डॉ. रणजित नारायणन या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांमध्ये ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित असलेला, एरवी क्वचित आढळणारा प्रकार निघाला. आणि या १५ पैकी १३ जणांनी आजार सुरू होण्याआधी गोरेपणाचं क्रीम लावल्याचं सांगितलं. दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. २०२४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने त्याआधी, २०२३ मध्येच, ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाने दुकानांतली प्रसाधनं तपासायला घेतली होती.

लावणारा एकटाच धोक्यात असतो असंही नाही. अमेरिकेत पारायुक्त क्रीमच्या काही प्रकरणांत घरातल्या ज्यांनी क्रीमला हातही लावला नव्हता, त्यांच्याही शरीरात पारा सापडला. तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात अशा क्रीममध्ये २ ते ५.७ टक्के पारा आढळल्याचं नमूद आहे. भारतातल्या नियमानुसार प्रसाधनात पाऱ्याची संयुगं घालताच येत नाहीत. चुकून आलेल्या अंशासाठी मर्यादा आहे दशलक्षात एक भाग, आणि डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ७० भाग. दशलक्षात एक भाग कुठे आणि वीस-पन्नास हजार भाग कुठे! उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, आईच्या गालाला गाल लावणाऱ्या बाळावर हा पारा पसरतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी तर हा विषय थेट पुढच्या पिढीच्या मेंदूशी जोडलेला आहे.

मग दुकानातली नामवंत क्रीमं? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये ३२ क्रीमं तपासली आणि १४ मध्ये पारा सापडला, दशलक्षात ०.१० ते १.९७ भाग. प्रमाण कमी होतं, पण तिथे तो असायलाच नको होता. या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. मोठ्या कंपनीच्या डबीतला तो अंश आणि बिननावाच्या डबीतला टक्क्यांत मोजावा लागणारा पारा, ही एकाच मापाची गोष्ट नाही. पहिली कंपनीला जाब विचारण्याची बाब आहे. दुसरी माणसाला दवाखान्यात पोचवते.

पाऱ्यावर जगाने करार केला आहे. २०१३ साली जपानमध्ये स्वीकारलेला मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये संमत केला. २०२३ मध्ये जिनिव्हात झालेल्या पाचव्या परिषदेत देशांनी ठरवलं की पारा घातलेली प्रसाधनं २०२५ नंतर कुठल्याच प्रमाणात चालणार नाहीत. तरी पाकिस्तान, चीन, थायलंड अशा ठिकाणच्या डब्या आशियाभरच्या बाजारांत आणि ऑनलाइन दुकानांत फिरत राहतात, कारण त्या कुणाच्या नावावर नसतात.

जबाबदार माणूस सापडणं का महत्त्वाचं, हे जपानच्या एका प्रकरणातून स्वच्छ दिसतं. कानेबो या कंपनीने रोडोडेनॉल नावाचं रंग उजळवणारं द्रव्य आणलं होतं. तिथल्या आरोग्य मंत्रालयाची २००८ ची मान्यताही त्याला होती. तरी ते लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडासारखे पांढरे डाग उठू लागले. जुलै २०१३ मध्ये कंपनीने ५४ उत्पादनं परत मागवली. बाधितांचा आकडा १९ हजारांच्या वर गेला. चूक भयंकर होती. पण घटकाचं नाव डबीवर होतं, बनवणारा माहीत होता, म्हणून माल परत आला, रुग्णांची नोंद झाली, द्रव्य वापरातून गेलं. अकोल्यासारख्या ठिकाणी पार्लरमधून हातोहात दिल्या जाणाऱ्या डब्यांच्या बाबतीत यातलं काहीच शक्य होत नाही.

हायड्रोक्विनोनची कहाणीही अशीच शिकवणारी. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं की ते दीर्घकाळ लावणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या चेहऱ्यावर निळसर-काळे, खरखरीत चट्टे पडत आहेत. या विकाराला ऑक्रोनोसिस म्हणतात आणि तो सहजासहजी जात नाही. पुढे त्या देशाने त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांवरच बंदी आणली. युरोपात २००१ पासून रंग उजळवणाऱ्या प्रसाधनांत हायड्रोक्विनोन चालत नाही. ते डॉक्टरच्या हातातलं औषध म्हणूनच उरलं.

या सगळ्यांच्या तुलनेत सौम्य द्रव्यंही आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं ठरेल. नायसिनामाइड हे ब३ जीवनसत्त्वाचं रूप. तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींत पोचण्याची वाट ते अडवतं. हिंदुस्तान लिव्हरने १९७१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणलं. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. या क्रीमच्या जाहिरातींनी सावळ्या मुलींना काय शिकवलं याचा हिशेब वेगळा आणि मोठा आहे. पण नायसिनामाइड सुरक्षित द्रव्यांत गणलं जातं, हेही तितकंच खरं. क जीवनसत्त्व, ज्येष्ठमधाचा अर्क, अॅझेलेइक अॅसिड हीसुद्धा योग्य प्रमाणात सोसतात. कोजिक अॅसिड आणि अल्फा-आर्ब्युटिनच्या बाबतीत युरोपीय संघाने २०२४ मध्ये मर्यादा आखल्या: कोजिक अॅसिड चेहऱ्या-हातांच्या उत्पादनांत १ टक्का, अल्फा-आर्ब्युटिन चेहऱ्यासाठी २ टक्के आणि अंगासाठी अर्धा टक्का. बंगळुरूत दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सिरमच्या बाटल्या एकावर एक लावणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांखालून घालायला हरकत नाही. सौम्य द्रव्यंही चार बाटल्यांतून एकाच रात्री लावली की त्वचा चिडतेच.

सुईचा प्रकार मात्र सौम्य म्हणून खपवता येणार नाही. ग्लुटाथायोनचं सलाइन शिरेतून देऊन ‘अंगभर ग्लो’ देणारी क्लिनिकं मोठ्या शहरांत दिसतात. फिलिपाइन्समध्ये हा प्रकार फार आधी बोकाळला आणि तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला, की त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून दिलेल्या ग्लुटाथायोनमुळे त्वचेच्या जीवघेण्या प्रतिक्रिया, मूत्रपिंडाचे आणि थायरॉइडचे त्रास होऊ शकतात. लग्नाची तारीख ठरली म्हणून सलाइन लावून घेणाऱ्या मुलीला हा इशारा कुणी वाचून दाखवतं का?

पुढची पानं वाचताना हाताशी असाव्यात अशा काही गोष्टी इथेच नोंदवलेल्या बऱ्या. प्रसाधनाच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. यातलं काही नसेल तर ती डबी घरात नको, मग ती देणारी पार्लरवाली कितीही विश्वासातली असो. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसलं तर तो पाराच. जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक खूण सांगितली आहे: सोनं, चांदी, अॅल्युमिनियम किंवा दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका, अशी सूचना डबीवर असेल तर सावध व्हावं, कारण पारा या धातूंना धरतो. मंगळसूत्राला जे लागू द्यायचं नाही, ते गळ्याच्या कातडीला लावायचं कसं?

आणि जे आधीच लावत आहेत त्यांच्यासाठी. स्टेरॉइडची ट्यूब बरेच महिने लावली असेल तर ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. चेहरा भडकला म्हणून पुन्हा मेडिकल गाठू नये. बिननावाचं क्रीम लावलं असेल आणि अंगावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर लघवीतली प्रथिनं आणि रक्त-लघवीतला पारा तपासून घ्यावा. डबी कचऱ्यात टाकू नये. ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डॉक्टरकडे न्यावी, कारण तपासणीला तीच लागते. दुष्परिणामाची नोंद भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. कर्नाटकात औषध नियंत्रण यंत्रणेकडे आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देता येते. अशा तक्रारी फारच थोड्या होतात. बाईला लाज वाटते की आपण गोरं व्हायला गेलो आणि आजारी पडलो. ही लाज जोवर रुग्णाच्या वाट्याला येते, तोवर डबी विकणाऱ्याचं नाव कुठल्याच नोंदवहीत चढत नाही. म्हणून पुढच्या पानांत प्रत्येक घटकाबरोबर दोन गोष्टी दिल्या आहेत: तो शरीरात काय करतो, आणि त्याच्यासाठी कायद्याने कुणाला जबाबदार धरलं आहे.